आमची वाटचाल : पडवीतलं पिंप ते आजचं वर्कशॉप

माझगावला बोटींच्या मशीनवर सहा वर्षं हेल्परचं काम करून मी मालवणजवळच्या देवबागला परत आलो, तेव्हा भांडवल म्हणजे पान्यांचा एक सेट आणि वरून कापलेलं दोनशे लिटरचं पिंप. पिंपात गोडं पाणी भरायचं, होडीच्या मागे लागणारं मशीन (आउटबोर्ड) स्टँडला लावून त्याचं खालचं टोक त्यात बुडवायचं आणि चालवून बघायचं. घराच्या पडवीत असं काम सुरू झालं.

पहिली दोन वर्षं पोट बिघाडांवरच भरलं, आणि त्यातले कितीतरी बिघाड तेलाचे होते. आमच्याकडच्या होडीवाल्यांचा हात टू-स्ट्रोकवर बसलेला. तिथे तेल पेट्रोलमध्येच मिसळून जळून जातं, बदलायचा प्रश्नच नाही. पुढे फोर-स्ट्रोक मशीन आल्या, त्यात तेल वेगळं भरलेलं असतं आणि ते बदलावं लागतं, पण सवय तीच राहिली. शेजारच्या एका काकांची मशीन ऐन डिसेंबरात कर्ली नदीच्या मुखाशी जाम झाली, होडीत पर्यटक असताना. उघडली तर आतलं तेल डांबरासारखं. काका म्हणाले, "आधीच्या मशीनचा तेल कधी बदलूक लागला नाय रे!" त्यांचा सगळा सीझन गेला. त्यांच्याकडून बिल घ्यायला माझा हात पुढे होईना.

म्हणून पावसाळ्यात, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा, दर रविवारी होडीवाल्यांना पडवीत बोलवायला लागलो. आपली मशीन आणा, तेल आपल्या हाताने बदला, मी बाजूला उभा राहतो.

काम अवघड नाही. मशीन पिंपात पाच-दहा मिनिटं चालवायची, तेल कोमट झालं की गाळासकट उतरतं. पाण्याशिवाय मात्र क्षणभरही चालवायची नाही, पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी चक्र (इंपेलर) जळतं. मग मशीन उभी सरळ ठेवून ड्रेन बोल्ट काढायचा, नवा वायसर घालून बसवायचा, फिल्टर असेल तर तोही बदलायचा. तेलाचा ग्रेड (जाडपणाचा नंबर) 10डब्ल्यू-30 किंवा 10डब्ल्यू-40, पण पुस्तिकेत लिहिलेलं, बोटीच्या मशीनचं. गाडीचं स्वस्त पडतं म्हणून घालू नका. होडीची मशीन तासन् तास जोरात चालते, त्यात खारी हवा. गंज रोखणारी द्रव्यं बोटीच्या तेलात जास्त असतात. डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये तेल आलं की थांबायचं.

खालचं, पंखा फिरवणाऱ्या गिअरचं तेल (गिअर ऑइल) मात्र टू-स्ट्रोकवाल्यांनाही बदलावंच लागतं, आणि हे मी सगळ्यांना दोनदा सांगतो. आधी खालचा स्क्रू, मग वरचा. भरताना खालून ट्यूब लावून दाबत राहायचं, वरच्या भोकातून बुडबुड्याविना तेल आलं की आधी वरचा स्क्रू बंद, मग खालचा. निघालेलं तेल बोटावर घेऊन बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. बहुतेक वेळा पंख्यामागे मासेमारीचा नायलॉनचा तंगूस गुंडाळलेला सापडतो, त्याने पाणी अडवणारं सील कापलेलं असतं. वेळेत कळलं तर सीलवर भागतं, नाहीतर गिअर जातात.

लोक म्हणाले, गिऱ्हाइकालाच शिकवलंस तर धंदा कसा चालणार? पण झालं उलटं. ज्याने एकदा स्वतःच्या बोटावर दुधाळ तेल बघितलं, तो पुढच्या वेळी मशीन बंद पडायची वाट बघत नाही, आधीच येतो. तेल, फिल्टर, वायसर, सील यांचं दुकान बायकोने सांभाळलं. प्रत्येक मशीनचे तास ती वहीत लिहून ठेवते. नवी मशीन 20 तासांवर, नंतर दर 100 तासांनी, तिचा फोन जातोच. त्या वहीच्या भरवशावरच पडवी सोडून आम्ही रस्त्यालगत वर्कशॉप बांधलं. आज चार मुलं कामाला आहेत, चौघंही इथलीच.

जुनं तेल खाडीत ओतायचं नाही, हा आमचा एकच कडक नियम. आमच्याकडे कॅन ठेवलेत, कुठल्याही होडीवाल्याने आणून ओतावं. आम्ही ते परवानाधारक रिसायकलरकडे देतो.

पिंप अजून तेच आहे, बूड गंजलं म्हणून फक्त वेल्डिंग करून घेतलंय. नारळी पौर्णिमेच्या आधीचे दोन रविवार गर्दी असते, मशीन घेऊन सकाळी लवकर या.