आधी डावा हात

ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात मी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारी तपासणी, करणारी टेक्निशियन आहे. गेल्या पावसाळ्यात कळव्याहून सात वर्षांची एक मुलगी व्हिडिओ ईईजीसाठी, म्हणजे कॅमेरा लावून केलेल्या ईईजीसाठी, आली. फिट रात्री झोपेतच यायची. दचकून उठायची, किंचाळायची, पाय झाडायची आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा गाढ झोप. घरच्यांनी दृष्ट काढून झाली, कांदा हुंगवून झाला, मग दोन औषधंही झाली. फाईलमध्ये एमआरआय ‘नॉर्मल’, अर्ध्या तासाचा ईईजीही ‘नॉर्मल’. एका ठिकाणी तर ‘नाटक करते’ म्हणून परत पाठवलं होतं. असं काही ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मेंदूच्या खोल घडीत फिट सुरू होत असेल, तर एरवी कवटीवर काहीच उमटत नाही, असं होऊ शकतं.

माहिती भरताना आई म्हणाली, “ताई, आधी डाव्या हाताची बोटं ताठ होतात. मग बाकीचं.” मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. डावा हात म्हणजे मेंदूची उजवी बाजू.

केसांना तेल लावू नका असं फोनवर बजावलं होतं, तरी आजीने मायेने चंपी करून पाठवलेलं. तेलावर लीड, म्हणजे वायरीच्या टोकाची चकती, धरत नाही. दोनदा शाम्पू केला, टेपने डोकं मोजून खुणा केल्या, भांग पाडत एकेक जागा खरखरीत जेलने घासली आणि पेस्ट भरून एकवीस लीड बसवल्या.

“मावशी, ह्या वायरी टोचणार का?”

“नाही गं राणी, ह्या नुसत्या ऐकतात.”

दुसऱ्या रात्री साडेतीनला उजव्या कपाळावरची एफ-फोर लीड खराब झाली. रेघेत नुसती भिंतीतल्या विजेची, 50 हर्ट्झची भुणभुण. तिची झोप न मोडता पट्टी सैल केली, पेस्ट भरली. इम्पिडन्स, म्हणजे लीड आणि त्वचेमधला विजेचा अडथळा, 5 किलोओहमच्या खाली आल्यावरच खुर्चीत बसले. चार वाजून दहा मिनिटांनी फिट आली. स्नायूंच्या हालचालीने सगळा पडदा काळा झाला. पण त्याच्या जेमतेम दोन सेकंद आधी एफ-फोरवर बारीक, जलद लहरी उठल्या होत्या आणि व्हिडिओत डाव्या हाताची बोटं ताठ होत होती.

डॉक्टरांनी 3 टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या मशीनवर पातळ कापांचा एमआरआय पुन्हा करायला लावला, ‘उजवा फ्रंटल भाग’ असं ठळक लिहून. एका घडीच्या तळाशी हरभऱ्याएवढी जागा सापडली: कॉर्टिकल डिस्प्लेजिया, जन्माआधीच बिघडलेली घडण. मेंदू कुठे किती साखर वापरतो ते दाखवणाऱ्या पेट (PET) स्कॅनमध्येही तिथेच वापर कमी. डोक्याला सुई न लावता सगळ्या तपासण्या एकाच जागेवर आल्या.

आईने विचारलं, “जुन्या फोटोत हे नव्हतं का?”

“होतं,” डॉक्टर म्हणाले. “जाड कापांत पुसटसं. कुठे बघायचं ते कळल्याशिवाय दिसलं नसतं. ते तुम्ही सांगितलंत.”

ती काही बोलली नाही. ऑपरेशनला किती दिवस राहावं लागेल, एवढंच विचारलं.