निम्मी जागा रिकामी, तरी गाणी जाईनात

आईचा एमपी३ प्लेअर काडेपेटीपेक्षा जरासा मोठा आहे. क्षमता २ जीबी, पडदा दोन ओळींचा, आणि बटणे अशी की न पाहता बोटांना ओळखता येतात. पहाटे पूजेची फुले तोडताना तो तिच्या गळ्यात असतो. मोबाइलवर तीच गाणी लावून देतो असे मी म्हटले होते, पण ओल्या हाताने मोबाइलचा पडदा सरकत नाही हे तिचे म्हणणे खरे आहे. त्यामुळे बाबांनी जपून ठेवलेल्या २२ कॅसेटींमधले गावच्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण संगणकावर उतरवून झाल्यावर ते सगळे याच प्लेअरमध्ये भरून द्यायचे मी ठरवले. एकूण २१४ फायली होत्या आणि त्यांचा आकार सव्वा जीबीच्या आसपास होता.

११७ फायली बिनबोभाट गेल्या. ११८व्या फायलीला विंडोजने काम थांबवले आणि फोल्डर किंवा फाइल तयार करता येत नाही, असा संदेश दाखवला. त्याखाली ८००७००५२ या आकड्याने संपणारा त्रुटी-क्रमांक होता. प्लेअरवर तर एक जीबीहून अधिक जागा शिल्लक दिसत होती.

अशा वेळी सगळेजण प्रथम केबलला दोष देतात, आणि मीही तिथूनच सुरुवात केली. अशा साध्या यूएसबी केबलमध्ये दोन तारा विजेच्या आणि दोन माहितीच्या असतात. केवळ चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये माहितीच्या तारा नसतातच, आणि तशी केबल लावली तर प्लेअर संगणकाला मुळी दिसतच नाही. माझा प्लेअर दिसत होता आणि त्याने ११७ फायली घेतल्याही होत्या, तेव्हा केबल निर्दोष ठरली. तरीही पुढचे पोर्ट सोडून डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टात ती लावून पाहिली, डिस्क तपासणीची आज्ञाही चालवली. दोष सापडला नाही.

उलगडा झाला तो अगदी वेगळ्याच प्रयोगाने. अडलेल्या फायलीचे लांबलचक नाव काढून मी तिला नुसते ‘अभंग’ असे नाव दिले, आणि ती लगेच गेली. पुढच्या फायलीचेही नाव असेच आखूड केले, तीही गेली. तिसरी मात्र पुन्हा अडली. गाणे तेच, आकार तोच, बदलले होते फक्त नाव. म्हणजे अडचण नावाच्या लांबीत होती.

प्लेअरच्या प्रॉपर्टीज उघडल्यावर फाइल सिस्टिम या शब्दांपुढे नुसते ‘फॅट’ असे लिहिलेले होते. हे जुने फॅट१६ होय, म्हणजे डिस्कवर कोणती फाइल कुठे आहे याची नोंद ठेवण्याची एक जुनी पद्धत. यात डिस्कच्या सर्वांत वरच्या पातळीवर काय काय ठेवले आहे याची एक वही असते, आणि फॉरमॅट करतानाच तिच्या ओळी ठरून जातात. सहसा त्या ५१२ असतात आणि प्रत्येक ओळ ३२ बाइटांची असते. पूर्वी फायलींची नावे आठ अक्षरे आणि तीन अक्षरांचे शेपूट एवढीच असत, तेव्हा एका फायलीला एक ओळ पुरे. १९९५ साली विंडोज ९५बरोबर लांब नावे आली, आणि ती याच वहीत बसवण्यासाठी दर १३ अक्षरांमागे एक जादा ओळ खर्च करण्याची युक्ती योजली गेली. देवनागरीतले नाव कितीही छोटे असले तरी त्याला ही लांब नावाची सोय लागतेच, म्हणजे किमान दोन ओळी जातात.

आणि इथे अक्षर म्हणजे आपण शाळेत मोजतो ते अक्षर नव्हे. ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, पण संगणक त्यातला प्रत्येक काना, मात्रा आणि हलन्त वेगळा मोजतो आणि त्याचा हिशेब दहावर जातो. माझ्या एका फायलीचे नाव ‘०७ काकड आरती - पंढरपूर - पहाटेचे अभंग’ असे होते. त्याची ३७ चिन्हे, शिवाय टिंब आणि एमपी३ मिळून चार, एकूण ४१. तेरा-तेराचे चार तुकडे आणि मूळ नोंदीची एक, म्हणजे एका अभंगासाठी पाच ओळी गेल्या. सगळीच नावे एवढी लांब नव्हती, तरी ११७ फायलींत वही जवळजवळ भरली, डिस्क नव्हे. विंडोजचा संदेश शब्दशः खरा होता, पण वाचणाऱ्याला वहीचा पत्ताच नसेल तर त्याने काय समजावे? हे कुठेतरी साध्या भाषेत लिहिलेले असायला हवे असे मला मनापासून वाटते.

एखादी फाइल पुसली की तिच्या ओळी मोकळ्या होतात, पण लांब नावाला सलग ओळी लागतात. इकडची एक आणि तिकडची एक चालत नाही. खरा उपाय फोल्डरांचा आहे, कारण फोल्डरच्या आतल्या वहीला ५१२ची मर्यादा नसते आणि ती लागेल तशी वाढते. फॅट३२ या नंतरच्या पद्धतीत फॉरमॅट केले तर वरच्या पातळीचेही हे बंधन जाते, परंतु जुन्या प्लेअरला ते वाचता येईलच याची खात्री नसते, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. सगळे पुसले आणि प्रत्येक कॅसेटीचा एक फोल्डर केला. फोल्डरांना रोमन लिपीतली तीन-तीन अक्षरी नावे दिली, तेव्हा मूळ वहीत जेमतेम २२ ओळी खर्ची पडल्या.

गाणी गेली खरी, पण दुसऱ्या दिवशी आईने विचारले, “अरे, भैरवी आधी आणि काकड आरती नंतर कशी लागते?” असे अनेक स्वस्त प्लेअर नावाप्रमाणे नव्हे, तर वहीत फायली ज्या क्रमाने नोंदल्या गेल्या त्याच क्रमाने वाजवतात. विंडोजमध्ये सगळ्या फायली निवडून माउसने ओढताना जी फाइल बोटाखाली धरलेली असते तीच आधी जाते. मी शेवटची धरून ओढत होतो. नावानुसार लावून पहिल्या फायलीला धरून ओढले, तेव्हा क्रम सरळ झाला.

राहता राहिले पडद्यावरचे चौकोन. प्लेअरमध्ये देवनागरीचा फॉन्टच नाही, त्यामुळे गाण्याच्या आत नोंदवलेली शीर्षके कोणत्याही पद्धतीने लिहिली तरी चौकोनच उमटतात. ती रोमनमध्ये लिहून देऊ का, असे मी आईला विचारले. तिने नको म्हटले. पहिली ओळ कानावर पडली की तिला अभंग कळतो, आणि पडद्याकडे ती एरवीही पाहत नाही.