पानांचा चहा आणि आमचं बोअरचं पाणी

धाकटा भाऊ एप्रिलअखेर दार्जिलिंगला जाऊन आला आणि येताना १०० ग्रॅम फर्स्ट फ्लश, म्हणजे वर्षाच्या पहिल्या खुडणीचा चहा घेऊन आला. पाकिटात लांब, पिळलेली, हिरवट पानं. आईने चिमटीत धरून बघितली. म्हणाली, "अगं, हा तर नुसता पाला!"

पहिल्या दिवशी रोजच्यासारखंच केलं. आधण, साखर, पानं, दणदणीत उकळी, वर दूध. सुगंध दुधात बुडाला आणि जिभेवर कडवटपणा तेवढा राहिला. आपली रोजची सीटीसी पूड यंत्रात चुरडून वळलेली असते, ती उकळी आणि दूध दोन्ही पेलते. या पानांना ते सोसत नाही.

मग नीट करायचं ठरवलं. ही पानं फुलारलेली असतात, चमच्याने अंदाज चुकतो, म्हणून छोट्या काट्यावर तोलून २०० मिलीला अडीच ग्रॅम घेतली. पाणी उकळलं की गॅस बंद करून दोन मिनिटं थांबायचं, मग पानांवर ओतायचं, झाकण ठेवायचं आणि तीन मिनिटांनी गाळायचं. सगळं तंतोतंत केलं. तरी चहा गढूळ, काळपट, वास नाही. वर तेलासारखा तवंग, पेल्याच्या कडेला तपकिरी वळं. भांडं घासलं, वेळ कमी केली, पानं वाढवली; आठवडाभर तेच. चहाच जुना निघाला असं मी भावाला सांगूनही टाकलं.

उलगडा मावशीकडे झाला, सदाशिव पेठेत. तिला चव दाखवायला थोडी पानं नेली होती. तोच काटा, तेवढीच मिनिटं, आणि पेल्यात फिकट सोनेरी, नितळ चहा! झाकण काढलं तेव्हा फुलांसारखा वास आला. मी दोन घोट घेऊन गप्प बसले. फरक फक्त पाण्याचा होता. तिच्याकडे खडकवासल्याचं पाणी, आमच्या सोसायटीत उन्हाळाभर बोअरचं, जड. अशा पाण्यातल्या कॅल्शियमशी आणि क्षारांशी चहाचा संयोग होतो आणि हवा लागली की तवंग धरतो. आमच्या पातेल्याला पांढरा थर बसतो तो त्याच क्षारांचा. तो रोज घासत होते, पण चहाशी त्याची सांगड कधी घातली नव्हती.

आता मावशीकडून पाच लिटरचा कॅन भरून आणते. आरओच्या पाण्यानेही करून पाहिलं. तवंग गेला, पण चव मला सपाट लागली. पानं स्टीलच्या घट्ट डब्यात, मसाल्याच्या कपाटापासून लांब ठेवलीत, कारण चहा शेजारचा वास लगेच ओढून घेतो.

गाळलेली पानं टाकत नाही. त्यांच्यावर पुन्हा गरम पाणी ओतून पाच मिनिटं ठेवते. हा दुसरा चहा सौम्य होतो, तुरटपणा कमी. आईला तोच आवडतो, बिनसाखरेचा.