मुठीला टेकणारा लिव्हर

पाचगणीहून पसरणी घाट उतरून गाड्या वाईकडे येतात, त्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. घाटात गाडी कशी चालवली ते बरेचदा वासावरूनच कळतं. ब्रेकचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, तापून करपले की एक उग्र वास सुटतो आणि तो चांगला अर्धा तास गाडीभोवती राहतो. न्यूट्रलवर, इंजिन बंद करून पेट्रोल वाचवत उतरणारे अजूनही येतात. त्यांना मी पहिल्यापासून सांगत आलोय, घाटात गाडी गियरमध्ये ठेवा, इंजिनाला तिला अडवू द्या, ब्रेकवर सगळा भार टाकू नका.

पण या धंद्यात मला सगळ्यात जास्त दिसतं ते वेगळंच. मागचे लायनर पार संपलेले आणि पुढचे नव्यासारखे. मागच्या ब्रेक प्लेटवरचा झीज दाखवणारा बाण खुणेच्या पुढे गेलेला असतो, पेडलच्या रॉडवरचा नट आवळून आवळून शेवटच्या आट्यांवर आलेला असतो. पुढचं चाक उघडावं तर ड्रमच्या आत तांबूस गंज. गाडी वर्षानुवर्षं चाललेली, आणि थांबवायचं काम एकट्या मागच्या चाकाकडे. "पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर आपटशील" हे आपल्याकडे पोराला सायकल शिकवताना सांगतात. सायकल जाऊन मोटारसायकल येते, तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आषाढातली गोष्ट. सकाळपासून रिमझिम होती. दहाच्या सुमारास एक टेम्पो गॅरेजपुढे थांबला. त्यातून १०० सीसीची एक जुनी गाडी उतरवली, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, मागे दुधाच्या कॅनसाठी लोखंडी कॅरियर. गाडी ओळखीची होती, पण माझ्याकडे कधी कामाला आली नव्हती. मालकांना सगळे तात्या म्हणतात. वाईजवळच्या गावातून म्हशीचं दूध गोळा करून पाचगणीला हॉटेलांना घालायचा त्यांचा जुना रतीब. कंबर धरली तेव्हापासून त्यांचा मुलगा, बारावी झालेला, ही फेरी करत होता. दूध घालून परत येताना घाटात पडला होता. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. डाव्या खांद्याचं कॉलरबोन मोडलं आणि गुडघा सोलवटला.

तात्या गप्प होते. बोलत होते ते त्यांचे धाकटे भाऊ. "पुढचा ब्रेक दाबला बघा त्यानं. गाडी उलटी झाली. मिस्त्री, तो पुढचा ब्रेक काढूनच टाका. लिव्हरच ठिवू नका."

मी म्हटलं, आधी गाडी बघू द्या.

पडलेली गाडी बरंच काही सांगते, फक्त घाई करायची नाही. पुढून उलटली असती तर हेडलाइट, मीटर आणि मागचं कॅरियर यांना मार बसला असता. हेडलाइटला ओरखडासुद्धा नव्हता. मार होता तो सगळा डाव्या अंगाला. क्लचचा लिव्हर वाकलेला, डावा इंडिकेटर गेलेला, फुटरेस्ट मागे दुमडलेला. म्हणजे गाडी आडवी होऊन घसरत गेली होती. पुढची रिम सरळ होती, पुढचे शॉकही सरळ. मग मागचं चाक हातानं सावकाश फिरवलं. टायरवर ठिकठिकाणी चपटे, गुळगुळीत घासलेले डाग होते. चाक जाम होऊन रस्त्यावर फरफटलं की असा डाग पडतो. ते एका सकाळचं काम नव्हतं. हे चाक कित्येक वेळा असंच फरफटत गेलं होतं.

शेवटी पुढचा ब्रेक दाबून पाहिला. लिव्हर सरळ मुठीला टेकला. चाक फिरतच राहिलं.

लिव्हरला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळा प्ले असावा लागतो, म्हणजे तेवढा तो नुसताच आत येतो, त्यानंतर शू, ज्यांवर लायनर बसवलेले असतात ते, ड्रमला लागायला हवेत. इथे पूर्ण दाबूनही शू हलले नाहीत. वाटलं केबल तुटली असेल. केबल धड होती. खाली चाकापाशी केबलचा ताण कमी-जास्त करणारा ॲडजस्टर पाहिला, तर नट पार शेवटपर्यंत ढिला केलेला, आणि त्यावर मातीचा इतका जुना थर की पान्यानं खरवडावा लागला. आपोआप ढिला होणारा नट असा एका ठिकाणी थांबत नाही. हा कुणीतरी मुद्दाम ढिला करून ठेवला होता.

मी तात्यांकडे पाहिलं. ते माझ्या हातातल्या पान्याकडे बघत होते.

"मीच करून घेतला हुता," ते म्हणाले. "पोरगं गाडी शिकत हुतं तवा. म्हटलं, चुकून दाबंल आन् पडंल."

धाकटे भाऊ गप्प झाले. तात्यांनी खिशातून फोन काढला आणि दवाखान्यात मुलाजवळ बसलेल्या पुतण्याला लावला. मुलाशी मी स्वतः बोललो. वेग चाळीस-पन्नास असेल, तो म्हणाला. कणसाच्या गाडीपाशी पुढची कार अचानक थांबली. त्यानं पेडल दाबलं, मागचं चाक सरकायला लागलं. "मग मी पुढचा दाबला. मित्राच्या गाडीवर दाबतो तसा. तो आतच गेला, काय झालंच नाही."

त्या पोराला पुढचा ब्रेक माहीत होता. गरज पडली तेव्हा त्याची बोटं बरोबर त्या लिव्हरवर गेली होती. हे ऐकल्यावर मला नंतरचा अर्धा दिवस दुसरं काही सुचलं नाही.

तात्यांवर कुणी रागवावं असं मला वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्यांची भीती पोकळ नव्हती. तरुणपणी गावच्या वळणावर, नवीन खडी टाकलेली असताना, हँडल वळलेलं असताना त्यांनी पुढचा ब्रेक हिसडून दाबला होता आणि हात मोडून घेतला होता. तशा जागी पुढचं चाक जाम झालं की खरंच क्षणात माणूस खाली येतो, कारण जाम झालेलं चाक वळत नाही आणि तोलही धरत नाही. सुट्या खडीवर, कचेवर, शेणावर, वळलेल्या हँडलनं, आणि अगदी हळू यू-टर्न घेताना पुढच्या ब्रेकला जपूनच हात लावावा. तिथे मागचा ब्रेक आणि थोडा क्लच पुरतो. त्या एका वळणावरचा धडा त्यांनी सगळ्या रस्त्यांना लावला, एवढंच झालं.

पण इतकी वर्षं हेच तात्या एकट्या मागच्या ब्रेकवर घाट उतरत होते, ते कसे नाही पडले? ते दुसऱ्या गियरमध्ये, तीसच्या आत उतरायचे. मुलगा चाळीस-पन्नासनं उतरत होता. शिवाय वर जाताना कॅन भरलेले. मागे चाळीस लिटरचं दूध असेल तर मागचं चाक रस्त्याला दाबून असतं, पेडल कितीही रेटलं तरी सहसा जाम होत नाही. उतरताना कॅन रिकामे, मागचा भाग हलका, त्यात उतार, त्यात ओला रस्ता. पेडलवर पाय तोच, जोर तोच, आणि चाक मात्र लगेच जाम. मुलगा दुधाच्या भारानं शिकलेला पाय घेऊन रिकामी गाडी उतरवत होता.

ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे येतं. उभ्या गाडीवर बसलं की निम्मं किंवा त्याहून थोडं जास्त वजन मागच्या चाकावर असतं. जोरात थांबताना शंभरातले सत्तर-पंचाहत्तर भाग पुढच्या चाकावर जातात. ज्या चाकावर वजन जास्त, त्याचीच पकड जास्त, आणि थांबवण्याची ताकदही त्याच्यातच. मागचं चाक त्या वेळी जेमतेम रस्त्याला टेकलेलं असतं, त्याच्याकडून किती काम होणार? पन्नासच्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. माणूस दचकून पाय हलवेपर्यंत एवढं अंतर तसंच निघून जातं. उरलेल्या अंतरात गाडी थांबवायची असेल तर पुढचा ब्रेक हवाच.

हे सगळं मी तात्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं नव्हतं. बोलून पटण्यासारखं ते नाहीच.

त्या दुपारी दोन्ही चाकं उघडली. पुढचे लायनर जवळजवळ कोरे होते. ड्रम आतून घासून गंज काढला, शू बाहेर ढकलणारा ब्रेकचा कॅम साफ करून ग्रीस लावलं, केबल नवीन टाकली. मागचे लायनर नवे, मागचा टायर नवा. पाऊस थांबला होता आणि उन्हानं रस्ते वाळले होते. मी तात्यांना म्हटलं, "चला, मैदानावर जाऊ. तुम्हीच चालवायची." कमरेचं निमित्त त्यांनी सांगून पाहिलं. मी ऐकलं नाही.

मैदानाच्या कडेच्या डांबरी पट्टीवर विटेनं एक रेघ ओढली. आधी माणूस चालतो त्या वेगानं, हँडल सरळ ठेवून, फक्त पुढचा ब्रेक. पहिल्यांदा त्यांची बोटं लिव्हरवर जाऊनही वळेनात. दुसऱ्यांदा त्यांनी एकदम हिसडा दिला, शॉक खाली बसले, गाडी गचकन थांबली आणि ते पाय टेकून उभे राहिले.

तेव्हा मी म्हटलं, "तात्या, म्हशीच्या सडाला हिसका देता का कधी?"

"हॅ. लाथ घालंल ती."

"मग धार कशी काढता?"

त्यांनी हवेतच मूठ करून दाखवली. वरून खाली एकेक बोट आवळत जाणारी. ती मूठ बघून मला पुढचं काही शिकवायची गरज उरली नाही. लिव्हर तसाच दाबायचा असतो. आधी मोकळा प्ले संपेपर्यंत बोटं आत घ्यायची, मग शॉक खाली बसू द्यायचे, म्हणजे वजन पुढच्या चाकावर येतं, आणि ते आलं की जोर वाढवत न्यायचा. क्रम मोडून पहिल्याच झटक्यात दाबलं तर टायरवर वजन यायच्या आत चाक जाम होतं. लोक ज्याला घाबरतात तो प्रकार हाच. गाडी थांबत आली की बोटं तितक्याच हळू सोडायची.

तात्यांनी पुन्हा केलं. मग दुसऱ्या गियरमध्ये वीसच्या वेगानं, मग तीसनं, आता पायाचा ब्रेकही सोबत, हलका. एकदा रेघेवर फक्त मागचा दाबायला सांगितला आणि गाडी थांबली तिथे वीट ठेवली. मग त्याच वेगानं दोन्ही. दुसऱ्या वेळी गाडी विटेच्या बरीच अलीकडे, निम्म्याहून थोड्या जास्त अंतरात उभी राहिली. ते गाडीवरून उतरले, रेघेपासून विटेपर्यंत चालत गेले, परत आले, आणि पुन्हा एकदा तेच अंतर चालले.

"कारच्या अलीकडं थांबलं असतं पोरगं," ते म्हणाले.

मी त्यांना खात्री देऊ शकत नव्हतो. ओल्या रस्त्यावर पकड कमीच असते, अंतर वाढतंच. पण रस्ता ओला म्हणून पुढचा सोडून द्यायचा नसतो. दोन्ही वापरायचे, जोर कमी ठेवायचा, आणि दाबायला लवकर सुरुवात करायची. पहिल्या पावसात तर जास्तच, रस्त्यावरचं ऑइल आणि धूळ एकत्र येऊन निसरडं होतं तेव्हा.

आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हे थोडंफार बसवूनच मिळायला लागलं. १२५ सीसीपर्यंत सीबीएस, म्हणजे एकाच पेडलनं किंवा लिव्हरनं दोन्ही चाकांना ब्रेक, आणि १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, जे चाक जाम होऊ देत नाही. माझ्याकडे सीबीएसची केबल ढिली करून द्या म्हणून लोक येतात. मागचा दाबला की पुढचाही लागतो, भीती वाटते म्हणतात. मी करून देत नाही. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

मुलगा दीड महिन्यानं खांद्याची झोळी काढून आला. मी त्यालाही रेघ ओढून त्याच पट्टीवर फिरवलं. त्याला फार सांगावं लागलं नाही, फक्त पाय हलका करायला शिकवावं लागलं. रिकाम्या कॅनवर किती दाबायचं आणि भरल्या कॅनवर किती, हे त्यानं दोन्हीकडून करून पाहिलं. कॅनमध्ये आम्ही नळाचं पाणी भरलं होतं.

त्याच आठवड्यात तात्यांचे धाकटे भाऊ आपली गाडी घेऊन आले. लिव्हर काढून टाका म्हणणारे हेच. गाडी स्टँडला लावली आणि म्हणाले, "जरा पुढचा बघा." मी दाबून पाहिला. मुठीला टेकला नाही, पण जवळपास तिथवर गेला. केबल आतून गंजली होती, ती बदलली. लायनर चांगले होते, तेच घासून परत बसवले, पंधरा मिलिमीटर प्ले ठेवला आणि गाडी त्यांच्या हातात दिली. मैदानाचा रस्ता त्यांनी स्वतःच विचारला.