साउंडबॉक्सच्या शोधात

घरातल्या एचएमव्ही १०१ पोर्टेबल ग्रामोफोनला योग्य साउंडबॉक्स (सुईची कंपने आतल्या पातळ पडद्याने आवाजात बदलणारा गोल भाग) मिळावा म्हणून आज नागपुरातल्या इतवारीतल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात गेलो. दुकानदार काकाजींनी एचएमव्हीची खूण असलेल्या कुत्र्याचे चित्र काढलेला चकचकीत साउंडबॉक्स पुढे ठेवून, ‘एकदम ओरिजिनल आहे भाऊ,’ असे ठामपणे सांगितले. परंतु चित्राच्या कडा बोथट होत्या, सुई आवळणारा स्क्रू आट्यांत नीट बसत नव्हता आणि पडदा अ‍ॅल्युमिनियमचा होता, तर १०१ वर येणाऱ्या क्रमांक ४ च्या साउंडबॉक्समध्ये तो अभ्रकाचा असतो. नक्कल करणाऱ्याने निदान चित्र तरी नीट काढायचे!

मूळ साउंडबॉक्स घरी आहे आणि तो अजून कामातून गेलेला नाही. त्याच्या अभ्रकाच्या पडद्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी रबरी गॅस्केट, म्हणजे रबरी नळीची कडी, वयोमानाने कडक झाली आहेत. त्यामुळे पडद्याला मोकळेपणाने कंप पावता येत नाही आणि आवाज कर्कश, फाटका येतो. बनावट भागावर पैसे घालवण्यापेक्षा नव्या गॅस्केटसाठी तेवढ्याच जाडीची, पण मऊ आणि पोकळ रबरी नळी शोधणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. नागपुरात अशी नळी कुठे मिळते हे कोणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे.