बाळाची सर्दी, माझा रिपोर्ट आणि एक न लिहिलेला आकडा

माझ्या मुलीला जन्मजात सिफिलिस होता, म्हणजे गरोदरपणात माझ्याकडून तिला लागलेला. आता ती आठ महिन्यांची आहे, छान आहे. पण लॅबच्या काउंटरचं नाव निघालं की अजून डोकं फिरतं, म्हणून लिहून टाकते.

सुरुवात सर्दीपासून झाली. बाळ दोन आठवड्यांचं असताना नाक गच्च, दूध ओढताना धाप लागायची. सलाइनचे थेंब दिले, फरक नाही. मग नाकातून पाणी यायचं ते घट्ट झालं, एकदा त्यात रक्ताची रेघ दिसली. वजनही वाढेना. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, म्हणाले प्लीहा हाताला लागतेय, तुमची गरोदरपणाची फाइल आणा. त्यात तिसऱ्या महिन्यातली व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ताची टेस्ट, निगेटिव्ह होती आणि त्यानंतर एकदाही केलेली नव्हती. मला तर वाटलं निगेटिव्ह म्हणजे विषय संपला, पण नंतर कळलं की लागण त्या टेस्टनंतरही होऊ शकते आणि म्हणूनच सातव्या महिन्याच्या आसपास आणि बाळंतपणाच्या वेळी पुन्हा टेस्ट करायला सांगतात. मला कुणी सांगितलं नाही. नवऱ्याशी त्यावरून काय झालं ते इथे लिहीत नाही.

मग दोघींचं रक्त पाठवलं आणि इथून खरी गंमत. बाळाचा रिपोर्ट आला, आरपीआर (हीही सिफिलिसचीच टेस्ट) १:६४. माझं रक्त दुसऱ्या लॅबला गेलेलं, तिथून आलं 'व्हीडीआरएल : रिऍक्टिव्ह', म्हणजे पॉझिटिव्ह. बस, एवढंच. डॉक्टर म्हणाले टायटर कुठंय? टायटर म्हणजे रक्त किती पट पातळ केलं तरी टेस्ट रिऍक्टिव्ह येते तो आकडा. तो लागतो कारण आईच्या अँटिबॉडी नाळेतून बाळात उतरतात, त्यामुळे बाळाची टेस्ट नुसती पॉझिटिव्ह आली तर ते बाळाचं की आईचं उधारीचं, हे कळत नाही. बाळाचा आकडा आईच्या चौपट किंवा जास्त असेल तर संशय एकदम पक्का होतो. आणि दोघींची टेस्ट एकच हवी, शक्यतो एकाच लॅबमध्ये, व्हीडीआरएल आणि आरपीआरचे आकडे एकमेकांशी लावून चालत नाही.

मी लॅबमध्ये. काउंटरवरचा माणूस म्हणतो, मॅडम रिपोर्ट दिलाय, रिऍक्टिव्ह लिहिलंय, अजून काय पाहिजे. म्हटलं आकडा. म्हणे डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'टायटर' लिहिलेलं नाही. चिठ्ठी आणली. म्हणे सॅम्पल टाकून दिलं, नवीन द्या. नवीन दिलं, म्हटलं आता आरपीआरच करा, म्हणे ती मशीनवर नसते, बाहेर पाठवावी लागेल, तीन दिवस. वर सल्ला, 'हवं तर बाळाची टीपीएचए करून घ्या, ती पक्की असते.' टीपीएचए म्हणजे सिफिलिसचीच आणखी एक अँटिबॉडी टेस्ट. घरी येऊन विचारलं तर डॉक्टर हसले, म्हणाले टीपीएचएत तर आईच्याच अँटिबॉडी दिसतात, दीड वर्षापर्यंत राहू शकतात, एवढ्या लहान बाळात तिचा निकाल काहीच ठरवत नाही. म्हणजे मी तिथे उभी राहून हो म्हटलं असतं तर आणखी एक निरुपयोगी कागद हातात. चार दिवस असे गेले, बाळ कडेवर, नाक वाहतंय, आणि मी खिडकीशी भांडतेय.

पाचव्या दिवशी अंघोळ घालताना डावा हात उचलला तर किंचाळली, आणि तो हात ती स्वतः हलवतच नव्हती. घाबरून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कागद बाजूला ठेवले, आधी तळहात-तळपाय बघितले, साल निघत होती, मला वाटलेलं नवजात बाळाची कातडी सुटते तशी. लगेच हाता-पायाच्या लांब हाडांचा एक्स-रे, त्यात हाडांच्या टोकांशी बिघाड आणि वरच्या आवरणाला सूज. लकवा नव्हता, दुखतंय म्हणून हात हलवत नव्हती. म्हणाले एवढी लक्षणं असताना टायटरसाठी थांबायचं नसतं, शिवाय आकडा चौपट नसला तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. पाठीतलं पाणी, सीबीसी, लिव्हरच्या टेस्ट, आणि संध्याकाळीच पेनिसिलिन सुरू.

त्यानंतरचे दहा दिवस फारसं काही सांगण्यासारखं नाही, दर आठ तासांनी शिरेतून इंजेक्शन. एक मात्र, एक दिवसापेक्षा जास्त खंड पडला तर कोर्स पहिल्यापासून, तेव्हा सुई निघाली तर लगेच आरडाओरडा करा. नाकातल्या त्या पाण्यात जंतू असतात, उपचार सुरू होऊन चोवीस तास होईपर्यंत हातमोजे घाला, मी उघड्या हाताने पुसत होते. माझाही आणि नवऱ्याचाही उपचार झाला.

माझा आकडा इंजेक्शनच्या सहाव्या दिवशी आला, १:८. बाळाच्या आठव्या हिश्शाइतका. काउंटरवाल्याने फोन करून विचारलं, 'अर्जंट होतं का?'

आता दर दोन-तीन महिन्यांनी आरपीआर, नॉन-रिऍक्टिव्ह येईपर्यंत. तिसऱ्या महिन्यात १:१६ होता, सहाव्यात १:२. प्रत्येक वेळी मी काउंटरवरच रिपोर्ट उघडून आकडा वाचते, मग पुढे सरकते, मागची रांग ओरडली तरी. डोळे आणि कानही तपासून घ्यायचे आहेत.

हां, एक राहिलंच. बाळंतपणातच टेस्ट करणार असतील तर नाळेचं रक्त घेऊ देऊ नका, बाळाच्या शिरेतलंच घ्यायला सांगा, नाळेत आईचं रक्त मिसळलं की निकाल चुकू शकतो. आणि बऱ्याच बाळांना जन्मताना काहीच दिसत नाही, माझीही गोरीगोमटी, रडकी, अगदी ठणठणीत जन्माला आली होती.