डिजिटल जोडणी: आधी क्लॉकचं ठरवा, केबलचं मग बघू

दोन डिजिटल मशीन एकमेकांना जोडायची म्हटलं की पहिला प्रश्न सगळे केबलचा विचारतात. कुठली घेऊ, किती लांब चालेल, सोन्याचा मुलामा असलेली चांगली का. माझं म्हणणं असं की केबलचा नंबर दुसरा, पहिलं हे ठरवा की या दोघांपैकी वेळ, म्हणजे क्लॉक, कोण देणार. ते ठरलेलं नसेल तर कितीही भारी केबल लावा, आवाज येईल, अगदी छान येईल, आणि मधेच टक् करून बारीकसा आवाज होईल, मग थोडा वेळ काही नाही, मग परत टक्. आणि माणूस बसतो केबल बदलत.

हे का होतं ते एकदा नीट कळलं ना, की बाकीच्या अर्ध्या अडचणी तिथेच सुटतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. ॲनालॉगमधे तारेतून व्होल्टेज जातं, समोरचं मशीन ते जसं येईल तसं घेतं, विषय संपला. डिजिटलमधे आकडे जातात, ४८ किलोहर्ट्झला एका चॅनलचे सेकंदाला ४८,००० आकडे (यांनाच सॅम्पल म्हणतात), आणि घेणाऱ्याला प्रत्येक आकडा नेमका कधी उचलायचा हे माहीत असावं लागतं. प्रत्येक मशीनच्या पोटात स्वतःचं, वेळ मोजणारं क्रिस्टल असतं आणि कुठलीही दोन क्रिस्टलं तंतोतंत सारखी चालत नाहीत. समजा दोघांत दहा लाखाला ५० इतकाच फरक आहे, ऐकायला काहीच नाही, पण ४८ किलोहर्ट्झला तो सेकंदाला २.४ सॅम्पल होतो. म्हणजे दर सेकंदाला दोन-तीन सॅम्पल जास्तीची आली किंवा कमी पडली. मशीन मग काय करणार, एखादं सॅम्पल गाळतं नाहीतर आधीचंच परत लावतं, आणि तोच तो टक्. लांब धरलेल्या सुरात, पियानो विरत जाताना तो स्पष्ट ऐकू येतो, ड्रम्समधे पार लपून जातो, म्हणून कित्येकदा मिक्स सुरू होईपर्यंत कळतच नाही की अख्खं रेकॉर्डिंग असं झालंय. आणि तीच दोन मशीन न जोडता वेगवेगळी रेकॉर्डिंगला लावली आणि नंतर फायली जुळवायला गेलात तर तासाभरात ०.१८ सेकंदाचा फरक पडलेला असतो, सुरुवात बरोबर आणि शेवटी सरळ दोनदा ऐकू येतं.

तर नियम एकच, अख्ख्या सेटअपमधे मास्टर, म्हणजे वेळ देणारा, एक. त्याचं क्लॉक इंटर्नलवर (स्वतःच्या क्रिस्टलवर), बाकी सगळ्यांचं एक्स्टर्नलवर, आणि एक्स्टर्नल म्हणजे नेमकं कुठल्या इनपुटवरून तेही निवडायचं असतं. दोघंही इंटर्नलवर राहिले तर वर सांगितलेलं टक्-टक्. दोघंही एकमेकांच्या मागे लावले तर लॉकचा, म्हणजे क्लॉक जुळल्याचा, दिवा लुकलुकत राहतो आणि सॅम्पल रेट भलतीकडेच भटकतो.

सगळ्यात जास्त हे कुठे दिसतं तर इंटरफेसला (कॉम्प्युटरला आवाज देणारा-घेणारा डबा) आठ चॅनलचा प्रीॲम्प (माइकचा सिग्नल मोठा करणारा) जोडताना. प्रीॲम्पच्या ऑप्टिकल आउटमधून इंटरफेसच्या ऑप्टिकल इनमधे एक केबल टाकली, आठही ट्रॅकवर सिग्नल दिसला, झालं म्हणून लोक रेकॉर्डिंग सुरू करतात. पण केबल एकाच दिशेने गेलीय! प्रीॲम्पला इंटरफेसचं क्लॉक कळायचा मार्गच नाही. मग दोनच पर्याय. एक तर प्रीॲम्पला इंटर्नलवर ठेवून इंटरफेसच्या सेटिंगमधे क्लॉक सोर्स एडॅट (या ऑप्टिकल केबलवरून आठ चॅनल नेणारी पद्धत) करायचा, किंवा इंटरफेसला मास्टर करून उलट्या दिशेने दुसरी ऑप्टिकल केबल नाहीतर वर्डक्लॉकची, म्हणजे फक्त क्लॉक नेणारी, बीएनसी केबल टाकायची. मी बहुतेक वेळा पहिला पर्याय घेते, एक केबल वाचते आणि विसरण्यासारखं काही उरत नाही. फक्त प्रीॲम्प बंद केला की इंटरफेसचं क्लॉक जातं हे लक्षात ठेवा, मग कॉम्प्युटरवरचं प्लेबॅकही अडकतं आणि माणूस ड्रायव्हर परत टाकत बसतो.

वेगळा मास्टर क्लॉकचा डबा घ्यावा का, हेही नेहमी विचारलं जातं. दोन-तीन मशीनच असतील तर माझ्या मते नको. आकडे इकडून तिकडे जाताना वेळेत जरा थरथर झाली, म्हणजे जिटर, तरी समोर लॉक नीट असेल तोवर आकडा तोच पोचतो. जिटर ऐकू येण्याची भीती असते ती कन्व्हर्टरपाशी, जिथे आवाजाचा आकडा होतो किंवा आकड्याचा आवाज, आणि तिथे मशीनच्या आतलं, अगदी जवळ बसवलेलं चांगलं क्रिस्टल सहसा बाहेरून केबलने आणलेल्या क्लॉकपेक्षा उजवंच ठरतं. पाच-सहा मशीन असतील, व्हिडिओबरोबर चालायचं असेल, तेव्हा डबा कामाचा. तेव्हा वर्डक्लॉकची केबल ७५ ओहमचीच घ्या आणि साखळीत टर्मिनेशन (सिग्नल टोकावरून परत उसळू नये म्हणूनचा रोध) फक्त शेवटच्या मशीनवर चालू ठेवा. मधल्या मशीनवरही चालू राहिलं तर पुढच्याला सिग्नल अर्धमेला पोचतो.

आता केबल. पाठीमागच्या भोकांचा गोंधळ मोठा आहे कारण दिसायला सारखी असलेली भोकं वेगळी कामं करतात. एडॅटचं ऑप्टिकल आणि एसपीडिफचं (दोन चॅनलची घरगुती डिजिटल जोडणी) ऑप्टिकल, दोन्हीला तोच चौकोनी टॉसलिंक सॉकेट, तीच केबल. तोशिबाने हा कनेक्टर १९८३ साली काढला सीडी प्लेअरसाठी आणि पुढे अलेसिसने आपल्या एडॅट टेप मशीनसाठी तोच उचलला. एडॅटमधून ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनल जातात, एसपीडिफमधून दोन, आणि दोन्हींची भाषा पूर्ण वेगळी. त्यामुळे लाल उजेड दिसतो, केबल क्लिक होऊन बसते आणि तरीही काही येत नाही, किंवा लॉकच होत नाही. सॉफ्टवेअरच्या कंट्रोल पॅनलमधे त्या सॉकेटला एडॅट की एसपीडिफ हे बदलायचं बटण असतं, आधी ते शोधा. सेशन ९६ किलोहर्ट्झवर असेल तर एडॅटचे आठ चॅनल चार होतात, त्याला एसमक्स म्हणतात आणि तो दोन्ही टोकांना चालू असावा लागतो. चॅनल कुठे गेले म्हणून घाबरू नका, १९२ ला तर दोनच उरतात. आणि नव्या ऑप्टिकल केबलच्या टोकांवर बारीक प्लास्टिकची टोपणं असतात, पारदर्शक असली की दिसतही नाहीत, ती काढा. केबल जोरात वाकवू नका, प्लास्टिकची असेल तर पाच-दहा मीटरच्या पुढे अपेक्षाही ठेवू नका.

तांब्याच्या केबलमधे ओहमचा आकडा खरा महत्त्वाचा, मुलामा नाही. एसपीडिफ कोॲक्सिअलला आरसीए पिन आणि ७५ ओहमची केबल लागते. जुन्या व्हिडिओची पिवळ्या पिनची केबल ७५ ओहमसाठीच बनवलेली असते, म्हणून ती इथे चालते, आणि तिच्याच शेजारची लाल-पांढरी ऑडिओची केबल चालेलच असं नाही. एईएस-ईबीयू, म्हणजे १९८५ सालापासूनचं एईएस३, ही प्रोफेशनल मशीनमधली जोडणी एक्सएलआरवर येते आणि तिला ११० ओहमची केबल लागते. दिसते हुबेहूब माइकच्या केबलसारखी आणि मीटर-दोन मीटरला माइकची केबल चालूनही जाते, तिथेच फसगत होते, कारण लांबी वाढली की सिग्नल टोकावरून परत उसळतो आणि समोरच्याला कडा ओळखू येत नाहीत. ॲनालॉगमधे खराब केबल म्हणजे हळूहळू मंद होणारा आवाज, डिजिटलमधे मात्र सगळं ठीक, ठीक, ठीक आणि एकदम कडकडाट. त्यामुळे आज चालतंय हा काही पुरावा नाही.

एईएस आणि एसपीडिफ हे तसे सख्खे भाऊच. दोन्हींमधे एका फ्रेमला ६४ बिट, ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला ३०.७२ लाख बिट, आणि क्लॉक त्या प्रवाहातच विणलेलं असतं, म्हणून एका केबलवर आवाज आणि वेळ दोन्ही पोचतात. आवाजाच्या आकड्यांबरोबर थोडे माहितीचे बिटही जातात: हे प्रोफेशनल मशीन आहे का घरगुती, कॉपी करायला परवानगी आहे का. डॅटच्या (डिजिटल ऑडिओ टेपच्या) काळात या कॉपीच्या बिटांनी लोकांना फार छळलंय, घरगुती डेक स्वतःच्याच रेकॉर्डिंगची दुसरी पिढी करू द्यायचे नाहीत.

डॅटवरून आठवलं, ज्यांच्याकडे अजून डॅट टेप पडून आहेत त्यांनी हे काम आता काढाच. डॅट १९८७ चं, टेप पातळ, आणि चालू अवस्थेतले डेक दिवसेंदिवस कमी होत चाललेत. ट्रान्सफर करताना ॲनालॉग आउटमधून घेऊ नका, उगाच दोन कन्व्हर्जन वाढतात. डिजिटल आउट घ्या, आणि इथे मास्टर कोण हा प्रश्नच नाही, टेप वाजवणारा डेक मास्टर, इंटरफेसचं क्लॉक एसपीडिफवर. सेशनचा सॅम्पल रेट टेपचाच ठेवा. एकाच टेपवर काही भाग ४४.१ ला आणि काही ४८ ला असू शकतो, तर डेकच्या डिस्प्लेवर लक्ष ठेवा. टेप खराब असेल तर डेक चुका आपल्या परीने बुजवतो आणि तुम्हाला सांगत नाही. म्हणून तीच टेप दोनदा ट्रान्सफर करायची, दोन्ही फायली सॅम्पलला सॅम्पल जुळवायच्या, एकीची पोलॅरिटी उलटवायची (अधिकचं उणे, उणेचं अधिक) आणि एकत्र वाजवायच्या. दोन्ही सारख्या असतील तर पूर्ण शांतता. जिथे काही खुट्ट झालं तिथे निदान एका खेपेला तरी टेप नीट वाचली गेली नाही, तेवढा भाग हेड साफ करून परत घ्या.

ही उलटी पोलॅरिटीची युक्ती मला सगळ्यात आवडते आणि ती फक्त टेपपुरती नाही. कुठलीही नवी जोडणी केली की एखादी फाइल एका बाजूने वाजवा, दुसऱ्या बाजूला रेकॉर्ड करा, मूळ फाइलशी जुळवून उलटवा. मीटर अजिबात हलला नाही तर बिटन् बिट पोचलाय. हलला तर कुठेतरी व्हॉल्यूम मूळ पातळीपेक्षा कमी आहे, डिदर (बिट कमी करताना मुद्दाम मिसळलेला बारीक गोंगाट) चालू आहे, २४ बिटचे १६ झालेत, किंवा मधे सॅम्पल रेट कन्व्हर्टर बसलाय. काही मशीनच्या डिजिटल इनपुटवर असा कन्व्हर्टर असतो, तो चालू असला की क्लॉक न जुळवताही टक्-टक् येत नाही, सोयीचं आहे, पण मग आकडे मूळचे राहत नाहीत. कामापुरतं ठीक, आर्काइव्हसाठी नको.

४४.१ आणि ४८ चा घोळ तर कायमचाच. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल रूपांतर न करता ४८ वर वाजली तर जवळजवळ ९ टक्के जलद जाते आणि सूर साधारण दीड सेमीटोनने वर चढतो. हा ४४,१०० आकडा एवढा विचित्र का, तर सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवायचे, एका ओळीत ३ सॅम्पल, एका फील्डला वापरण्याजोग्या २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड, गुणून बघा. ५० फील्डच्या देशांत २९४ ओळी धरल्या की तोच आकडा येतो, दोन्हीकडे जमला म्हणून तो टिकला.

नेटवर्कवरच्या ऑडिओबद्दल, म्हणजे डांटे, एव्हीबी वगैरे, वेगळं लिहावं लागेल. इथे एवढंच की केबल इंटरनेटची दिसली तरी क्लॉकचा कायदा तोच आहे, नेटवर्कवरची मशीन आपसांत एक लीडर निवडतात आणि बाकीची त्याच्या मागे चालतात. डांटे कंट्रोलरमधे तो कोण झालाय हे दिसतं, ते एकदा बघून घ्या.

आणि शेवटी फायली, कारण आजकाल बरंचसं ट्रान्सफर कार्ड काढून नाहीतर अपलोड करूनच होतं. दुसऱ्याला ट्रॅक पाठवताना सगळ्या फायली सेशनच्या शून्यापासून सुरू होतील अशा करून द्या, गाण्यात तिसऱ्या मिनिटाला येणारी बासरी असली तरी. ब्रॉडकास्ट वेव्ह फायलीत टाइमस्टॅम्प असतो, पण समोरच्याचं सॉफ्टवेअर तो वाचेलच याची खात्री नसते, शून्यापासूनची फाइल सगळीकडे जागेवर बसते. सॅम्पल रेट आणि बिट डेप्थ फोल्डरच्या नावातच लिहा. साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ जीबी, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओला ती चार तासांच्या जरा पुढे संपते, पण एकाच फायलीत आठ चॅनल असतील तर तासाभरातच, म्हणून लांब कार्यक्रमाला रेकॉर्डर फाइल तोडतो का आरएफ६४ (४ जीबीची मर्यादा नसलेली वेव्ह) करतो हे आधी तपासा. कॉपी झाल्यावर नुसता आकार बघून समाधान मानू नका, दोन्हीकडचा चेकसम (फायलीतल्या आकड्यांवरून काढलेला खुणेचा आकडा) काढा, जुळला की एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर टाका आणि मग कार्ड फॉरमॅटला द्या.